जुनी गाडी घेताना: आधी मालक पाहा, मग मोटार

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर माझी पुतणी माझ्याकडे आली. ती राहते वाईला आणि साताऱ्याच्या एका रुग्णालयात परिचारिका आहे. महिन्यातले दहा-बारा दिवस तिची दुसरी पाळी असते. ती सुटायला रात्रीचे साडेदहा वाजतात. पुढे पस्तीस किलोमीटर घरी यायचे. त्या वेळी एसटी मिळेलच असे नाही आणि आधीच्या पावसाळ्यात स्कूटर घसरून ती एकदा पडलीही होती. बचतीचे दोन लाख आणि पतसंस्थेचे एक लाख कर्ज, असे तीन लाख रुपये तिने जमवले होते. ती म्हणाली, "काका, मला मिरवायला गाडी नको. रात्री अकराला किल्ली फिरवली की सुरू होणारी हवी. तुम्ही बघून द्या."

मी एकोणतीस वर्षे आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवला. त्यामुळे नातेवाइकांचा असा समज आहे की मी बॉनेट उघडले की मला गाडीची कुंडली दिसते. खरी गोष्ट वेगळी आहे. २००६ साली मी स्वतःसाठी एक जुनी गाडी घेतली. मुंबईची होती, रंग चकचकीत, इंजिन गोड चालत होते आणि किंमत बाजारापेक्षा बरीच कमी होती. मी इंजिन ऐकले, धूर पाहिला, खूश झालो आणि पैसे दिले. दोन महिन्यांत आधी काच वर-खाली होणे थांबले, मग वायपर, मग हॉर्न. एका रात्री पुण्याहून साताऱ्याला येताना, भर पावसात खंबाटकीचा घाट चढत असताना पुढचे दिवे गेले. गाडीत बायको आणि दोन मुले. मागून ट्रक येत होते. पंधरा-वीस मिनिटे आम्ही कठड्याला चिकटून उभे होतो. ती वीस मिनिटे मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या दिवशी गाडीतला गालिचा उचलला, तर खाली वाळलेल्या गाळाचा थर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा जी हजारो वाहने पाण्यात उभी होती, त्यांपैकी ही एक. शिकवणारा मीच फसलो. का फसलो? कारण मी यंत्र पाहिले, पण त्या यंत्राचे आधी काय झाले होते हे विचारलेच नाही.

आज मला जे सांगायचे आहे ते एवढेच. जुन्या गाडीचा भरवसा कंपनीच्या नावात कमी आणि आधीच्या मालकाच्या सवयीत जास्त असतो. आपल्याकडे बैलबाजारात जाणकार शेतकरी काय करतो? दात पाहतो, चालवून पाहतो, आणि सगळ्यात आधी विचारतो, "का विकतोस?" मोटारीलाही तीच रीत लावावी.

यामागे साधे कारण आहे. मोटारीतले काही भाग झिजण्यासाठीच असतात. इंजिनातले तेल साधारणपणे दहा हजार किलोमीटरला किंवा वर्षाला बदलायचे. कूलंट, ब्रेकचे तेल, एअर फिल्टर, टायमिंग बेल्ट, प्रत्येकाची वेळ कंपनीने पुस्तिकेत छापलेली असते. तेल वेळेवर बदलले नाही तर ते काळे, चिकट होते आणि बारीक वाटांतून फिरत नाही. मग पिस्टनच्या रिंगा आणि बेअरिंग झिजू लागतात. बाहेरून काहीच दिसत नाही. म्हणून नीट सांभाळलेली, लाखभर किलोमीटर चाललेली गाडी आणखी काही वर्षे बिनतक्रार चालते. आणि हेळसांड झालेली गाडी चाळीस हजारांतच थकते. मीटरवरचा आकडा वय सांगतो, तब्येत सांगत नाही. शिवाय तो आकडा मागे फिरवणारे लोकही आहेत.

तेव्हा पहिली मागणी सर्व्हिसच्या नोंदींची. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये कामे झाली असतील तर गाडीच्या नंबरवरून जुनी नोंद तिथे मिळू शकते. मालकाला बरोबर घेऊन जावे आणि ती पाहावी. प्रत्येक नोंदीत किलोमीटर लिहिलेले असतात. २०२१ ला ७२ हजार आणि आज मीटरवर ५८ हजार, असे दिसले की चहा पिऊन परत यावे. अपघाताची मोठी दुरुस्ती, विम्याचा दावा हेही तिथे कळते. नोंदी नसतील तर निदान गॅरेजची बिले मागावीत. तीही नसतील तर ब्रेकच्या पेडलचे रबर, स्टीअरिंगची पकड आणि ड्रायव्हरची सीट पाहावी. तीस हजार किलोमीटरमध्ये पेडलचे रबर गुळगुळीत होत नाही.

आता गाडी कोणती, हा प्रश्न. सगळे इथूनच सुरुवात करतात, मी मुद्दाम नंतर घेतो. आधी आपली दिनचर्या कागदावर मांडावी. माझ्या पुतणीची मांडणी अशी: जाऊन-येऊन सत्तर किलोमीटर, महिन्यातून बारा दिवस, म्हणजे साडेआठशेच्या आसपास. एवढ्यासाठी डिझेलची गरज नाही. डिझेल गाडी जुनी झाली की इंजेक्टर, टर्बो अशी महागडी कामे निघतात आणि थोड्या चालण्यात ती भरून निघत नाहीत. त्यातही १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हा नियम आला. तेव्हापासूनच्या डिझेल गाड्यांत काजळी अडवणारी गाळणी असते. ती गाळणी साफ होण्यासाठी गाडी मधूनमधून मोठ्या रस्त्यावर सलग पळावी लागते. रोज मंडई आणि शाळा एवढेच फिरणाऱ्याची गाळणी तुंबते. रोज शंभर-सव्वाशे किलोमीटर धावणाऱ्याने डिझेलचा विचार जरूर करावा, इतरांनी पेट्रोल पाहावे. सीएनजी असेल तर दोन गोष्टी तपासाव्यात. गॅसकिटची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झालेली हवी.

पेट्रोलबद्दल एक नवी गोष्ट. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या बऱ्याच गाड्या या मिश्रणासाठी बनलेल्या नव्हत्या. त्या चालतात, ॲव्हरेज थोडे कमी होते. पण जुन्या रबरी नळ्या आणि सील यांच्याकडे लक्ष ठेवावे लागते. तेव्हा इंधनाच्या नळ्या मेकॅनिककडून नीट पाहून घ्याव्यात आणि भेगा दिसल्या तर लगेच बदलाव्यात.

मॉडेल निवडताना माझा नियम सोपा आहे. जी गाडी आपल्या तालुक्यात रस्तोरस्ती दिसते, ती घ्यावी. वॅगन आर, अल्टो, स्विफ्ट, आय-टेन यांसारख्या गाड्यांचे सामान तालुक्याच्या गावी मिळते आणि कोपऱ्यावरच्या मिस्त्रीलाही त्यांचे काम पाठ असते. याउलट काही चांगल्या गाड्या स्वस्त मिळतात, कारण कंपनीच आपल्या बाजारातून गेली. शेव्हरोलेची विक्री इथे २०१७ अखेर थांबली. तळेगावचा तो कारखाना पुढे ह्युंदाईने घेतला. फोर्डने २०२१ साली भारतात गाड्या बनवणे थांबवत असल्याचे जाहीर केले. या गाड्या वाईट नाहीत. पण एखादा सेन्सर पंधरा दिवस मिळाला नाही तर रोज कामावर जाणाऱ्याने काय करायचे? हौशी माणसाला ते परवडते, रात्रपाळीच्या परिचारिकेला नाही. त्याच कारणाने फार जुनी ऑटोमॅटिकही मी टाळायला सांगतो.

सुरक्षेकडे आपण जुनी गाडी घेताना पाहतच नाही. जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, त्याच वर्षी एबीएस म्हणजे चाके न अडकू देणारे ब्रेकही. त्याआधीच्या अनेक साध्या मॉडेलांत यातले काहीच नसे. मात्र वरच्या दर्जाच्या मॉडेलात असे. पाच-दहा हजार जास्त गेले तरी चालतील, पण एअरबॅगवाली गाडी शोधावी. किल्ली फिरवल्यावर एअरबॅगचा दिवा लागून विझला पाहिजे. तो लागतच नसेल तर कोणीतरी तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो. 'चेक इंजिन'च्या दिव्याचेही तसेच.

आता प्रत्यक्ष पाहणी. सकाळी जावे, उजेडात जावे आणि मालकाला आधीच सांगावे की गाडी सुरू करून ठेवू नका. पोचल्यावर बॉनेटला हात लावावा. गरम लागले तर समजावे की गार इंजिन सुरू होताना काहीतरी कुरकुर करते. गार इंजिन सुरू करून मागे उभे राहावे. निळसर धूर म्हणजे तेल जळते आहे. काळा म्हणजे इंधन जास्त जाते. पांढरा धूर थंडीत थोडा वेळ असतोच, पण इंजिन तापल्यावरही येत राहिला तर कूलंट आत शिरत असेल. रेडिएटरचे झाकण मात्र इंजिन पूर्ण गार असतानाच उघडावे, नाहीतर हात भाजतो. त्यात तेलाचा तवंग दिसला किंवा इंजिन तेलाच्या झाकणाखाली दह्यासारखा थर दिसला, तर ती गाडी आपली नव्हे.

मग बाहेरून फेरी मारावी. दारे, बॉनेट, डिकी यांच्या फटी दोन्ही बाजूंना सारख्या आहेत का? बॉनेटच्या बोल्टांचा रंग पान्याने उडालेला आहे का? पत्र्यावर ठिकठिकाणी लोहचुंबक रुमालात गुंडाळून टेकवावे. जिथे ते धरत नाही तिथे खाली पत्रा नसून पुट्टी आहे. बंपर प्लास्टिकचे असतात, तिथे हा प्रयोग करून हसे करून घेऊ नये. एखादा दरवाजा रंगवलेला असणे हा गुन्हा नाही, आपल्या पार्किंगमध्ये ते होतेच. पण पुढचा सांगाडा वाकवून सरळ केलेला असेल तर गाडी सोडावी. टायरवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. १८२१ म्हणजे २०२१ सालचा अठरावा आठवडा.

पाण्यात बुडालेली गाडी कशी ओळखावी, हे मी अनुभवाने शिकलो. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा. धुतलेल्या गाडीतही टोकाला गढूळ पाण्याची रेषा राहते. सीटखालचे रूळ आणि स्क्रू गंजलेले असतात. गालिचा उचलून हात फिरवावा, स्टेपनीचा खड्डा पाहावा, काचा बंद करून पाच मिनिटे आत बसावे आणि वास घ्यावा. जास्त सुगंधी फवारा मारलेला असेल तर आणखी संशय घ्यावा. २०१९ चा कोल्हापूर-सांगलीचा महापूर, २०२१ चा चिपळूणचा पूर, यांत बुडालेल्या गाड्या कुठेतरी गेल्याच असतील. त्यामुळे तिथली प्रत्येक गाडी वाईट ठरत नाही, पण प्रश्न विचारायलाच हवा. समुद्रकाठच्या गाडीला खालून गंज असतो, तिच्या चाकांच्या कमानी आणि तळ पाहावा. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हात उभ्या राहिलेल्या गाडीचे रबर आणि एसी पाहावे.

चालवून पाहायचे ते सरळ रस्त्यावर नव्हे. गतिरोधकावरून हळू न्यावी आणि खालून खडखड येते का ऐकावे. मोकळ्या जागी स्टीअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवावी. टकटक आवाज आला तर पुढच्या चाकांचे सांधे झिजले आहेत. चढावर वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबल्यावर इंजिनाचा आवाज वाढला पण गाडीचा वेग वाढला नाही, तर क्लच घसरतो आहे. मोकळ्या रस्त्यावर ब्रेक लावताना गाडी एका बाजूला ओढते का पाहावे. शेवटी एसी लावून दहा-पंधरा मिनिटे जागेवर चालू ठेवावी आणि तापमानाचा काटा पाहावा. रेडिओ बंद ठेवावा, विकणाऱ्याच्या गप्पाही शक्यतो बंद ठेवाव्यात.

एवढे करूनही आपल्या ओळखीच्या मिस्त्रीला पैसे देऊन गाडी रॅम्पवर चढवून घ्यावी आणि स्कॅनर लावून घ्यावा. गाडीत टायमिंग बेल्ट आहे की चेन, हे त्यालाच विचारावे. बेल्ट असेल आणि तो बदलल्याची नोंद नसेल, तर बदलण्याचा खर्च किमतीतून कमी करावा. कारण तो चालत्या गाडीत तुटला तर कित्येक इंजिनांचे व्हॉल्व्ह वाकतात. विकणारा गाडी गॅरेजला नेऊ देत नसेल तर त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.

आता कागद. यात फसलेला माणूस मिस्त्रीकडे जाऊन सुटत नाही. आरसी पुस्तकातला चेसिस आणि इंजिन क्रमांक गाडीवरच्या क्रमांकाशी स्वतः ताडून पाहावा. सरकारच्या परिवहन ॲपवर नंबर टाकला की नोंदणीची मुदत, विमा, पीयूसी आणि कर्जाचा बोजा दिसतो. चलन बाकी आहे का तेही पाहावे. बोजा असेल तर बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ मिळाल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. म्हणजे २०१२ ची गाडी २०२७ मध्ये पुन्हा तपासणीला न्यावी लागणार, मग पाच-पाच वर्षांची मुदतवाढ. तिथे शुल्क आणि आपल्या राज्यात पर्यावरण करही भरावा लागतो. तेरा-चौदा वर्षांची गाडी स्वस्त का आहे, हे त्यातून कळते. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली आहे का तेही पाहावे. परराज्यातली गाडी, विशेषतः दिल्लीची, इथे आणली की ना-हरकत, नवी नोंदणी आणि आपल्या राज्याचा कर आला. तो हिशेब केल्यावर स्वस्ताई बहुधा उरत नाही.

नाव बदलण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०. हे काम 'एजंट करील, होईल हळूहळू' म्हणून सोडू नये. ही सूचना विकणाऱ्यालाही आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट केले आहे की गाडी प्रत्यक्ष विकली तरी नोंदणी ज्याच्या नावावर, भरपाईची जबाबदारी त्याच्यावर. तुम्ही विकलेल्या गाडीने तिसऱ्याच माणसाने अपघात केला तर नोटीस तुमच्या घरी येईल. म्हणून ताबा देताना तारीख, वेळ आणि किलोमीटर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. घेणाऱ्याने चौदा दिवसांच्या आत विमा आपल्या नावे करण्याचा अर्ज द्यावा, नाहीतर स्वतःच्या नुकसानीचा दावा अडकतो. आधीच्या मालकाची 'नो क्लेम'ची सवलत मात्र त्याच्याबरोबर जाते. ती गाडीला चिकटलेली नसते.

किमतीबद्दल दोनच गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीचे भाव धरून कोणी जुन्या गाडीची किंमत सांगत असेल तर नव्या गाडीचा आजचा भाव समोर ठेवावा. दुसरे म्हणजे जवळचे सगळे पैसे गाडीत घालू नयेत. दहा ते पंधरा टक्के बाजूला ठेवावेत. घेतल्याबरोबर तेल, फिल्टर, कूलंट, ब्रेकचे तेल बदलावे, बॅटरी आणि टायर तपासावेत. तिथून तिची सर्व्हिस आपल्या वहीत सुरू होते.

पुतणीसाठी आम्ही सहा गाड्या पाहिल्या. एक दिसायला सुरेख होती, पण सीटबेल्टच्या टोकाला ती रेषा होती. मी काही बोललो नाही, बेल्ट तिच्या हातात दिला. तिने पाहिले आणि म्हणाली, "काका, चला." सहावी गाडी एका निवृत्त शिक्षकांची, २०१७ ची वॅगन आर, दोन एअरबॅग, एमएच ११. डाव्या दाराला पोचा होता आणि सीटचे कव्हर विटलेले होते. पण गुरुजींनी एका शंभर पानी वहीत पेट्रोलपासून पंक्चरपर्यंत सगळे लिहून ठेवले होते. "का विकता?" विचारले. म्हणाले, "डोळ्यांचे ऑपरेशन झाले, आता रात्री दिसत नाही." दोन लाख पासष्ट हजारांना गाडी ठरली, पस्तीस हजार कामाला उरले. गुरुजींनी वहीसुद्धा दिली.

दाराचा पोचा अजून तसाच आहे. पुतणी रात्री घरी पोचली की मला फोनवर फक्त रिंग देते. मी फोन उचलत नाही. रिंग ऐकली की दिवा मालवतो आणि झोपतो.